मुलीसाठी पहिला गेम कोणता?

प्रश्न : लेकीसाठी प्लेस्टेशन ४ घेतला. ओळखीचे सगळे गोळीबाराचेच गेम सुचवतात. वेगळं काही आहे का? – एक पालक, संगमनेर (जि. अहिल्यानगर)

उत्तर : आहे, आणि तेही शेजारच्या पुण्यात घडलेलं. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० साली आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघालेली सर्कशीतली पोर म्हणजे राजी. दुर्गा आणि विष्णू तिची कहाणी सांगतात, मागची कथा छायाबाहुल्यांतून उलगडते. राजस्थानी धाटणीच्या महालांत खांबाभोवती गिरकी घेऊन ती त्रिशूळासह शत्रूवर झेपावते, ते बघतच राहावं!

उणिवाही आहेत. खेळ पाच-सहा तासांत आटोपतो, शेवट मध्येच तुटल्यासारखा वाटतो. तरी पहिला गेम म्हणून हाच घ्यावा.

शिफारस करणाऱ्याला मात्र जरूर विचारावं : शेवटपर्यंत खेळलात का, कंटाळा कुठे आला? नुसतं ‘भारी आहे’ एवढ्यावर पैसे खर्चू नयेत.

‘राजी’ प्लेस्टेशन स्टोअरवरून उतरवून घेता येतो. पुढे घरात प्लेस्टेशन ५ आला तरी त्यावर चालेल.