पाणी नंतर, आधी सावली

पलूस,
एप्रिलअखेर

चि. भाचीस,


मे महिन्यात पुण्याला बिऱ्हाड नेताना झेब्रा फिंचची जोडी गाडीतूनच सोबत न्यायची असं तू ठरवलं आहेस आणि वाटेत त्यांना पाणी कसं पाजायचं, असं विचारलं आहेस. पाणी कसं द्यायचं हे सांगतोच, पण त्याआधी त्यांच्या अंगातलं पाणी जातं कुठे हे बघायला हवं. माझं म्हणणं असं, की प्रवासात पाखराला तहानेपासून वाचवायचं तर पहिल्यांदा त्याला उष्म्यापासून वाचवावं लागतं. हे पटलं की पुढची बरीचशी तयारी आपोआप ठरत जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झेब्रा फिंच वजनाने जेमतेम बारा ग्रॅम. अंगाचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याला सणकून ताप भरल्यावर जेवढं असेल तेवढं. पाखरांना घामाच्या ग्रंथी नसतात. हवा गार असते तोवर अंगातली उष्णता हवेत निघून जाते आणि पाणी फारसं खर्ची पडत नाही. पण आपल्याकडे मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बाहेरची हवा आणि पाखराचं अंग जवळजवळ सारखंच तापलेलं असतं. मग उष्णता बाहेर टाकायची मुख्य वाट एकच उरते : चोच उघडी टाकून धापा टाकायच्या आणि श्वासावाटे पाण्याची वाफ सोडायची. थंड हवेत जेवढं पाणी जातं त्याच्या कित्येक पट पाणी अशा वेळी जातं. बारा ग्रॅमच्या जिवातून एक ग्रॅम पाणी गेलं तर तो त्याच्या वजनाचा बारावा हिस्सा झाला. साठ किलोच्या माणसाने पाच किलो गमावावेत, तसं ते आहे. ही गळती चालू असताना वाटीतल्या घोटाघोटाने ती भरून निघेल अशी आशा धरणं व्यर्थ आहे, कारण धापा टाकणारं घाबरलेलं पाखरू धड पितही नाही.

यावर तू म्हणशील, आणि पाखरं विकणारेही हेच सांगतात, की हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला आहे, एक दिवस पाण्याशिवाय त्याला काय होणार? यात तथ्य आहे. कोरडे दाणे खाऊन पाण्याशिवाय दिवसच्या दिवस तग धरलेले झेब्रा फिंच शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पाहिले आहेत. त्याचं कारणही कळण्यासारखं आहे. राळ्याच्या किंवा बाजरीच्या दाण्यातला एक ग्रॅम पिष्टमय भाग शरीरात जळला की अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्तच पाणी तयार होतं, आणि ते पाणी हा पक्षी फार जपून वापरतो. पण ते प्रयोग सौम्य हवेतले होते, पिंजरा शांत होता आणि पाखरू गप्प बसलेलं होतं. उलट बाजूचा पुरावा त्याच्याच मायदेशातला आहे. जानेवारी २००९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा हजारो पाखरं मेली, आणि त्यांत बजरीगर पोपटांबरोबर झेब्रा फिंचही होते. त्याच मातीत वाढलेली, रानातली पाखरं ती. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात निपजलेल्या तुझ्या जोडीकडून त्यांच्याहून जास्त कशाची अपेक्षा धरायची?

आता गाडीचं बघ. कॅलिफोर्नियात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतलं तापमान मोजून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तासाभरात आतला पारा सरासरी २२ अंशांनी चढला आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. बाहेर ३५ असेल तर आत ५५ च्या पुढे, असा तो हिशोब आहे. म्हणून चहापुरतं थांबतानाही पाखरं बंद गाडीत ठेवायची नाहीत. कुणीतरी एकाने एसी चालू ठेवून गाडीतच बसायचं, नाहीतर पिंजरा हातात घेऊन सावलीत बसायचं. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेला माणूस वडापावच्या रांगेत किती वेळ अडकेल, हे त्याच्या हातात नसतं.

सगळ्यांत मोठा उपाय तर फुकटचा आहे, तो म्हणजे पहाटे निघणं. साडेचारला पलूस सोडून पेठ नाक्याला महामार्गाला लागलात, तर कराडच्या आसपास उजाडेल आणि ऊन तापायच्या आत खंबाटकी घाट मागे पडेल. अंधारात पाखरं झोपेतच असतात, त्यामुळे हिसक्यांचा त्रासही त्यांना कमी जाणवतो. मात्र फिंच रात्रभर खात-पीत नाही. निघायच्या अर्धा तास आधी खोलीत दिवा लाव, त्यांना दाणे टिपू दे, पाणी पिऊ दे, आणि मगच पिंजरा उचल. पहिला थांबा उजाडल्यावर घ्यायचा. त्याआधी थांबून उपयोग नाही, कारण अंधारात ती पाण्याकडे बघणारही नाहीत.

गाडीत एसी पंचवीस-सव्वीसच्या आसपास स्थिर राहू दे आणि झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नकोस. काही जण पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकायला सांगतात. वाळ्याच्या पडद्यासारखा गारवा मिळेल, असा त्यामागचा विचार. पण वाळ्याच्या पडद्यातून वारा वाहतो. बंद गाडीत तेच ओलं कापड पिंजऱ्यातली हवा दमट करतं, आणि दमट हवेत वाफ सुटत नाही, म्हणजे धापा टाकूनही पाखरू गार होत नाही. सुती कोरडं कापड घे, तीन बाजू झाक आणि समोरची बाजू उघडी ठेव. पूर्ण काळोख केला तर ती शांत बसतील हे खरं, पण मग खाणार-पिणार नाहीत, आणि एवढ्या लहान जिवाला दिवसाउजेडी तासन्‌तास उपाशी ठेवणं परवडत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. चालत्या गाडीत भरलेली वाटी ठेवू नकोस. पहिल्याच गतिरोधकाला ती सांडते, पिसं भिजतात, आणि भिजलेलं पाखरू एसीत गारठतं. चालत्या गाडीत काकडीची सालीसकट फोड जाळीला अडकवून ठेव, सोबत स्वच्छ धुतलेली कोथिंबिरीची ओली काडी. काकडी जवळजवळ सगळी पाणीच असते आणि सांडत नाही. दर दीड तासाने गाडी सावलीत उभी कर, घरच्या पिंजऱ्यातलंच रोजचं भांडं लाव, घरून बाटलीत नेलेलं पाणी त्यात ओत आणि दहा मिनिटं त्यांच्याकडे न बघता थांब. भांडं ओळखीचं हवं, कारण फिंच अनोळखी वस्तूजवळ लवकर फिरकत नाही. याचसाठी प्रवासाचा लहान पिंजराही आठवडाभर आधीपासून त्यांच्या शेजारी ठेव. दाणे तळाशी पसरलेले असले तरी चालतात. दांडी खाली बसव आणि झोका, आरसा, घंटा सगळं काढून टाक. पिंजरा मागच्या सीटवर पट्ट्याने बांध. डिकीत कधीही नाही.

पाखरू पीत नाही म्हणून ड्रॉपरने चोचीत पाणी सोडायचा मोह तुला होईल. तो आवर. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, आणि जबरदस्तीने सोडलेला थेंब फुप्फुसात गेला तर तहानेआधी तोच जीव घेईल. गूळपाणी, मीठसाखरेचं पाणी हे आपल्यासाठी आहे, त्यांच्यासाठी साधं पाणी पुरे. चोच सतत उघडी, पंख अंगापासून फाकलेले आणि श्वास भरभर असं दिसलं तर लगेच गार जागी न्यायचं, पायांना साध्या पाण्याचा ओलावा लावायचा आणि पाणी समोर ठेवायचं. बर्फ लावायचा नाही. थोड्या वेळात उतार पडला नाही तर वाटेतल्या मोठ्या गावात पशुवैद्य गाठायचा. सातारा-कराडमधले पत्ते निघण्याआधीच काढून ठेव.

आणखी एक धोका आपल्या भागातला आहे. एसीचा कंटाळा आला म्हणून काचा उघडून जायचं कुणीतरी सुचवेल. पलूस-तासगावच्या पट्ट्यात द्राक्षबागांची खरड छाटणी झालेली असते, नव्या फुटीवर फवारण्या चालू असतात, आणि शेतात कुठे पाचट पेटवलेलं असतं. पाखराच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते. हवा त्यांतून एकाच दिशेने खेळत राहते, त्यामुळे प्राणवायू भरपूर मिळतो, पण विषही तितक्याच वेगाने आत जातं. इंग्लंडच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी खाली नेत असत ते यामुळेच, कारण माणसाला विषारी वायू जाणवण्याआधी तो पक्षी कोसळायचा. म्हणून धूर आणि फवारणीच्या पट्ट्यात काचा बंद ठेव आणि आतली हवा आतच फिरू दे. डॅशबोर्डवरचं अत्तर काढून टाक, आणि औदुंबरच्या दत्ताच्या तसबिरीपुढे त्या दिवशी उदबत्ती न लावता नुसता नमस्कार करा. देवाला तो पोचतो.

एवढं सगळं करायचं तर पाखरं न्यायचीच कशाला, असं तुझी आई विचारेल, आणि तो प्रश्न सगळ्यांत वजनदार आहे. दोन-चार दिवसांसाठी जायचं असतं तर मीही म्हणालो असतो की ती इथेच राहू देत. चांगली देखभाल करणारा शेजारी हा कुठल्याही एसीपेक्षा बरा. पण तू कायमची चालली आहेस, तेव्हा कधीतरी हा प्रवास घडणारच. तो मेमध्येच घडायला हवा का, एवढा विचार कर. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की पारा बराच खाली येतो आणि वर लिहिलेल्यातली निम्मी भीती उरत नाही. तोवर जोडी आमच्याकडे ठेव, पण दोघांना एकत्रच ठेव. फिंच थव्याने राहणारा पक्षी आहे, एकटा पडला की झुरतो. उसाच्या बांधावरच्या लाल मुनिया पकडून यांच्यात सोडायचं मात्र तुझ्या भावाने मनात आणलंय असं कळलं, त्याला सांग, आपल्या रानातले पक्षी पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे.

पुण्यात पोचल्यावर लगेच मोठ्या पिंजऱ्यात सोडण्याची घाई करू नकोस. शांत खोलीत, उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेव, पाणी आणि राळे समोर ठेव, आणि तासाभराने दोघांनी भांड्यात चोच घातली का ते बघून मला फोन कर. तारीख पावसापर्यंत पुढे ढकलायची असेल तर या रविवारपर्यंत कळव, म्हणजे ओसरीतली सावलीची जागा रिकामी करून ठेवतो.

तुझा,
मामा