आधी दिवे बघ, मग बटण दाब

अगं, नेट गेलं की तुम्ही सगळे आधी बटणाकडे धावता. बंद करायचं, चालू करायचं, परत आलं की कामाला लागायचं. तासाभराने पुन्हा तेच. बंद-चालू करायला माझी ना नाही. पण त्याआधी अर्धं मिनिट त्या डबीसमोर उभी राहा आणि दिवे बघ. बटण दाबलंस की बिघाड कुठे होता त्याचा पुरावा पुसला जातो. टेलिफोन खात्यात माझं आयुष्य गेलं. तांब्याच्या तारा गेल्या, काचेच्या आल्या, पण फॉल्ट शोधायची रीत तीच राहिली: लाइन कुठून कुठे येते ते डोळ्यांसमोर आणायचं आणि एकेका तुकड्याला निर्दोष ठरवत पुढे जायचं.

तुझ्या घरी असे तीन तुकडे आहेत. खांबावरून घरात येणारी फायबरची वायर, ती जिथे संपते ती ओएनटीची डबी, आणि डबीपासून तुझ्या लॅपटॉपपर्यंतचं वायफाय. डबीवर ‘पॉन’ लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर हवा. ‘एलओएस’चा दिवा विझलेला हवा. तो लाल होऊन लुकलुकायला लागला, तर बाहेरून उजेडच येत नाही असं समज. मग डबी दहा वेळा बंद-चालू केलीस तरी काही होणार नाही. पॉनच लुकलुकत असेल, तर थोडाफार उजेड येतोय, पण पलीकडच्या यंत्राशी डबीची जुळणी होत नाहीये. पॉन स्थिर आहे, एलओएस विझलेला आहे आणि इंटरनेटचा दिवा तेवढा लाल किंवा बंद आहे, तर वायर शाबूत आहे. कंपनीकडचं लॉगिन तुटलंय. अशा वेळी पॅकची मुदत संपली का ते आधी बघ. आणि सगळे दिवे ठीक असून मीटिंग तुटत असेल, तर दोष बहुधा घरातल्या वायफायचा.

बहुधा म्हणतोय मी, म्हणून खात्री करून घे. लॅपटॉपला लॅन केबल लाव आणि तासभर तशीच काम कर. केबलवर नेट तुटलं नाही, तर वायफायचा दोष पक्का. त्याहून बारीक बघायचं असेल तर लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून दोन पत्त्यांना सतत पिंग लावून ठेव: एक राउटरचा, म्हणजे त्या डबीचाच, बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, आणि एक बाहेरचा, ८.८.८.८. नेट अडखळलं की बघ. राउटरकडून उत्तर येतंय आणि बाहेरून येत नाहीये, तर घरातली वाट मोकळी आहे, गाठ पुढे कुठेतरी आहे. राउटरकडूनच उत्तर येईना, तर कंपनीला फोन करून काही उपयोग नाही.

आता फायबरचं सांगतो, कारण आपल्या कोकणात निम्मे फॉल्ट तिथेच. काचेच्या धाग्याला पाण्याची भीती तशी कमी. त्याला वाकवलेलं चालत नाही. कपाट मागे सरकवलं, वायर भिंतीत आणि कपाटात चेपली, की काटकोनात वळलेल्या जागेतून उजेड बाहेर सांडतो. घरातली वायर वाटीच्या काठाएवढ्या गोलाईपेक्षा लहान वळणात कधी बसवू नको. जादा वायर उरली तर तिचं मोठं वेटोळं करून खिळ्याला सैल अडकव. रबर बँडने आवळून बांधू नको. डबीत जाणाऱ्या टोकाचा रंग बघ. हिरवं टोक हिरव्या खाचेतच जायला हवं. निळं टोक हिरव्यात बसतं, पण आतली काच वेगळ्या कोनात घासलेली असते, त्यामुळे उजेड कमी होतो आणि नेट कधी असतं, कधी नसतं. ते टोक काढून डोळ्यासमोर मात्र कधीही धरू नको. त्यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं नव्हे. आणि त्याला बोटही लावू नको. बोटाचं तेल एवढ्याशा काचेला पुरेसं असतं.

हा उजेड किती येतोय हे मोजता येतं आणि ते तुलाही बघता येतं. ओएनटीच्या पानावर, म्हणजे राउटरचा पत्ता ब्राउजरमध्ये टाकल्यावर जे उघडतं तिथे, ‘आरएक्स पॉवर’ असा आकडा असतो, उणे चिन्हाचा, डीबीएममध्ये. उणे १८ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या खाली गेला तर नेट तुटणारच. या मोजणीत ३ चा फरक म्हणजे उजेड निम्मा, १० चा फरक म्हणजे दहावा हिस्सा. म्हणून कोरड्या दिवशी, सगळं ठीक चाललेलं असताना, हा आकडा लिहून ठेव. पावसाळ्यात तो उणे २१ वरून उणे २६ वर गेलेला दिसला, तर बाहेर कुठल्या तरी जॉइंटमध्ये पाणी शिरलंय किंवा फांदी वायरीवर घासतेय, हे नेट पूर्ण जायच्या आधीच कळतं.

बाहेरची वायरही एकदा डोळ्यांखालून घाल. खारी आणि उंदीर तिचं वेष्टण कुरतडतात, माकडं तिला लोंबकळतात, आंब्याची फांदी वाऱ्यात तिच्यावर रात्रभर घासते. जिथून वायर घरात शिरते तिथे भोकाच्या खाली तिला एक झोळ दिलेला हवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, भिंतीत येत नाही. भोक एम-सीलने बुजव. आणि लाइनमन जोड द्यायला आला की त्याला विचार, जागेवर दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर लावतोय की मशिनने वितळवून स्प्लायसिंग करतोय. कनेक्टर दोन मिनिटांत होतो, पण दमट हवेत तो वर्ष-दोन वर्षांत ढिला पडलेला पुष्कळदा बघितलाय. वितळवलेला जोड टिकतो. जरा आग्रह धर.

विजेचंही लक्षात ठेव. अडॅप्टर मूळचाच वापर. डबीच्या मागे १२ व्होल्ट आणि किती अँपिअर ते लिहिलेलं असतं. दीड अँपिअरच्या जागी अर्ध्या अँपिअरचा लावलास तर दिवे लागतील, पण चार फोन जोडले गेले की डबी आपोआप रीस्टार्ट होत राहील. लोडशेडिंगला इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणी डबी बंद पडत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’कडे कर किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घे. तो पैसा वाया जात नाही. टीव्हीच्या मागे, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर डबी ठेवलीस तर ती तापते आणि दुपारीच नेट तुटायला लागतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की अडॅप्टर सॉकेटमधून काढ. काचेतून वीज येत नाही, पण वायरीला आधाराची पोलादी तार असेल तर तिच्यातून आणि मीटरच्या वाटेने येते.

वायफायचं थोडक्यात. आपल्या घराच्या भिंती जांभ्याच्या, दीड-दोन फूट जाड. ५ गिगाहर्ट्झचा वेग त्या भिंतीपलीकडे पोचत नाही, आणि पावसात ओल धरली की आणखी कमी. म्हणून काम करायच्या खोलीत राउटर हवा, पडवीच्या कोपऱ्यात नको. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं दे, म्हणजे लॅपटॉप कुठे जोडलाय ते तुला दिसेल. २.४ गिगाहर्ट्झवर मायक्रोवेव्ह चालू असताना गडबड होते. दादरला तुझ्या आत्याकडे, जिथे वीस शेजाऱ्यांचे राउटर दिसतात, तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला मोकळा निवडायला सांग. स्टीलचं कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या आड राउटर ठेवू नये. लांबच्या खोलीसाठी रिपीटर घेण्यापेक्षा लॅन केबल ओढून दुसरा राउटर लाव. एकाच बँडवर चालणारा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. केबल १०० मीटरच्या आत असली की तिला काही होत नाही, फक्त तिच्या टोकाची प्लॅस्टिकची खिट्टी तुटलेली नको.

एक वही घाल. नेट कधी गेलं, कुठला दिवा कसा होता, पाऊस होता का, वीज गेली होती का, आपोआप आलं की तू बंद-चालू केलंस, एवढंच लिहायचं. आठवडाभरात त्यात चाल दिसते. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास जात असेल, तर बहुतेक वाडीतल्या लोडशेडिंगचा संबंध आहे: आपल्याकडे इन्व्हर्टर असला तरी वाटेतल्या कंपनीच्या यंत्राला बॅकअप नसेल. पावसाची सर आली की अर्ध्या तासाने जात असेल, तर जॉइंट.

लाइनमन आला की त्याला ही वही दाखव. तो दिवसभर खांबांवर चढून आलेला असतो. त्याला पाणी दे, चहा दे, आणि ‘नेट चालत नाही’ एवढंच न सांगता ‘एलओएस लाल होता, कालचा आकडा उणे २८’ असं सांग. त्याचा अर्धा तास वाचतो आणि तो मन लावून काम करतो. काम सुरू होण्याआधी आणि झाल्यावर, दोन्ही वेळा त्याच्या पॉवर मीटरवरचा आकडा बघ आणि वहीत लिही. त्याच्याकडे लाल उजेडाचं पेन असतं. ते वायरीत सोडलं की मोडलेल्या जागी वायर लाल चमकते. ते लावून घराच्या आतला भाग तरी तपासून घे.

तक्रार नुसती लाइनमनच्या कानावर घालून थांबू नको. ॲपवरून किंवा फोनवरून कर आणि डॉकेट नंबर वहीत उतरव. दुरुस्ती न करताच ‘तक्रार सोडवली’ असा मेसेज आला, तर गप्प बसू नको. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीकडे तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकरण असावं लागतं, आणि डॉकेट नंबर असला की तिथे दाद मागता येते. त्या अपिलाला शुल्क नाही.