पोरी, आधी वाटी बघ

पोरी, आता अंगणवाडी तुझ्या हाती आली. वजनकाटा कसा वापरायचा, दंडाला पट्टी कशी लावायची, मोबाईलमध्ये पोषण ट्रॅकर कसा भरायचा, हे तुला प्रशिक्षणात शिकवतील. मी सांगते ते घराच्या उंबऱ्याच्या आतलं आहे. मी पर्यवेक्षिका म्हणून रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडची गावं आणि तांडे फिरले, त्यातून गोळा झालेलं.

गृहभेटीला गेलीस की ‘लेकरू काय खातं’ असं विचारू नकोस. आई म्हणेल, ‘सगळंच खाते’. ती खोटं बोलत नसते, तिला तसंच वाटत असतं. त्यापेक्षा विचार, आज उठल्यापासून आतापर्यंत काय काय पोटात गेलं, कशात दिलं, कोणी भरवलं. मग चित्र उघडतं. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, दहा वाजता पोळीचा कोर, दुपारी दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट, मग झोप. माय निंदणाला गेलेली, लेकरू आजीपाशी. आजीचं प्रेम कमी नाही, पण प्रेमाने दिलेलं पाकीटही पोट भरतं आणि जेवणाची भूक मारतं.

मग वाटी बघ. त्या लेकराची स्वतःची वाटी आहे का? मोठ्यांच्या ताटातून दोन घास इकडून, दोन तिकडून खाणारं मूल किती जेवलं, हे घरात कोणालाच ठाऊक नसतं. सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जायचं, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी तीन-चार वेळा. वर्ष उलटलं की पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा, आणि मधे एखादं फळ किंवा थोडं काही. सोबत अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. उष्टावणाचा सोहळा सगळे हौसेने करतात. दुसऱ्या दिवशी त्या वाटीत काय पडलं, ते विचारायला तू जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. आपल्याकडे घरोघरी एकच उत्तर मिळतं, ‘वरणाचं पाणी देतो ना वो बाई’. वरणाच्या पाण्यात वरण नसतं, पोरी. डाळ तळाशी राहते, ती मोठ्यांच्या ताटात जाते, आणि ज्याला वाढायचंय त्याला वरचं पाणी. लेकराचं पोट त्याच्या मुठीएवढं. ते पाण्यानेच भरलं तर ताकद यायला जागा कुठे उरली? म्हणून चमचा वाकडा करून बघायला शिकव. अन्न चमच्यावरून घरंगळून गेलं तर ते पातळ आहे, चमच्याला धरून राहिलं तर बरोबर. वरण-भात किंवा वरण-भाकर हाताने कुस्करायची आणि वरून चमचाभर तेल किंवा तूप घालायचं. तेलाला आया घाबरतात, खोकला होईल म्हणतात. त्यांना सांग, एवढ्याशा पोटात जास्त शक्ती भरायचा याहून सोपा मार्ग नाही, आणि पालेभाजीतलं अ जीवनसत्त्व अंगी लागायलाही तेल लागतंच.

फार घट्ट झालं तर लेकरू गिळत नाही, ही अडचण खरी आहे. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात यावर काम केलं. मोड आलेलं धान्य वाळवून, हलकं भाजून त्याचं पीठ केलं आणि ते चिमूटभर घट्ट लापशीत घातलं, तर लापशी सैल होते, पाणी वाढवावं लागत नाही. आपल्या आज्या नाचणीचं सत्त्व करायच्या, त्यातही मोड आलेलं धान्यच असतं. एक जपायचं, हे गव्हाचं किंवा नाचणीचं कर, ज्वारीचं नको. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचार.

आपल्या वाशिम जिल्ह्याचं एक दुखणं मला शांत बसू देत नाही. खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन, ओळीओळीत तूर. सोयाबीनमध्ये शंभरात चाळीस भाग प्रथिनं. सोंगणी झाली की पोती भरतात, मळ्यातून थेट बाजार समितीत जातात, आणि त्याच घरातलं लेकरू दंडाच्या पट्टीवर पिवळ्या रंगात, म्हणजे कुपोषणात येतं. तुरीचंही तसंच, विकायची तूर जास्त, खायची कमी. विकू नका असं मी कधी म्हटलं नाही, कर्ज कोण फेडणार? पण वर्षाची घरची डाळ आधी कोठीत आणि मग बाजारात, एवढं तू प्रत्येक घरी सांग. माळवं घ्यायला पैसा लागतो, घरच्या तुरीला लागत नाही.

सोयाबीन घरात वापरायचं असेल तर कच्चं दळून कधीच नको. त्यात पचन अडवणारं द्रव्य असतं, ते उष्णतेने मोडतं. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या मापाने दळून आणायचं. पोळीची चव बदलत नाही. हे मी सांगून पाहिलंय, बायका लगेच धरतात, कारण खर्च नाही.

पालेभाजीला कमी लेखू नकोस. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून गरोदर बायांच्या जेवणाचा अभ्यास केला. तो 2001 साली छापून आला. एकूण किती खाल्लं यापेक्षा दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली, याचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकाराशी जास्त संबंध दिसला. आपल्या बांधावर पहिल्या सरींनंतर तरोटा, मग अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला आणि करडई, उन्हाळ्यात घोळ, दारात शेवगा. ही भाजी गरिबाची म्हणून सुना पाहुण्यांपुढे लाजतात. त्यांना पुण्याची ही गोष्ट सांग.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून याच्या पुढचं पाऊल टाकलं गेलं. पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला नाष्ट्याचा पदार्थ बायकांना गर्भ राहण्याआधीपासून रोज दिला. ज्यांनी तो गर्भ राहण्याच्या तीन महिने आधीपासून खाल्ला, त्यांच्यात बाळाचं वजन काहीसं वाढलं, पण आई फारच किडकिडीत असेल तर तेवढा गुण आला नाही. गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. यातून तू काय घ्यायचं? गरोदर मातेची नोंद झाल्यावर तुझं काम सुरू होतं, असं समजू नकोस. ते नव्या नवरीपासून, शाळेतल्या पोरीपासून सुरू होतं. घरात सगळ्यांचं झाल्यावर कढईच्या बुडाशी राहिलेलं खाणारी सून असेल, तर तिच्या सासूशी बोल, सुनेशी नाही. सासूला ‘आई’ म्हण, तिच्याजवळ बस, तिच्या नातवाच्या वजनाचा कागद तिच्याच हातात दे. सासू फिरली की चूल फिरते.

लोहाच्या गोळीचंही सांगायचं राहिलं. गोळी आणि जेवण यांच्या पुढेमागे तासभर चहा नको. चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबू लागू देतं. आपल्याकडे जेवण झालं की चहा ठरलेला, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता भरवण्याचं. नालगोंडा जिल्ह्यातल्या साठ गावांत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शहनाज वझीर आणि सहकाऱ्यांनी आयांना दोन गोष्टी शिकवून पाहिल्या: काय भरवायचं, आणि कसं भरवायचं. मुलाची भूक ओळखणं, डोळ्यात बघून बोलत भरवणं, खेळवणं हे जिथे शिकवलं, तिथली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत पुढे होती. म्हणून मोबाईल समोर धरून तोंडात घास कोंबणं थांबव. घाई नको, मार नको. अमेरिकेत लिअन बर्च यांनी लहान मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर काम केलं. नवी भाजी मुलाच्या पुढे आठ-दहा वेळा यावी लागते, तेव्हा कुठे ते ती पत्करतं. आपण दोनदा थुंकली की ‘याला आवडत नाही’ म्हणून मोकळे. ‘भाजी खा, मग चॉकलेट देते’ हे तर मुळीच नको. त्याने चॉकलेटची गोडी वाढते, भाजीची नाही. तुझ्या अंगणवाडीत तू आणि मदतनीस मुलांबरोबर पंगतीत बसा, तीच खिचडी, तीच उसळ त्यांच्यासमोर खा. मूल ऐकून कमी आणि बघून जास्त खातं.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्याचीही वाटी बघ. दात नाहीत म्हणून पेजेवर ठेवलेले आजोबा हळूहळू खुर्चीतून उठेनासे होतात. मऊ वरण, दही, अंडं चालत असेल तर अंडं, हे त्यांनाही दोन्ही वेळेला हवं.

लेकराच्या दुखण्यात जेवण तोडू देऊ नकोस. जुलाब लागले तरी अंगावरचं दूध आणि अन्न चालू, ओआरएस, चौदा दिवस झिंक, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं. अख्खा शेंगदाणा लहान मुलाला नको, घशात अडकतो. कूट दे. मध वर्षाच्या आत नको.

हे सगळं का सांगतेय, ते ऐक. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि सहा महिन्यांवरच्या शंभरातल्या एकोणसत्तर मुलांना रक्तक्षय होता. यात शेतकऱ्याच्या घरची मुलं आहेत, धान्य पिकवणाऱ्यांची. 2005 ला याच राज्याने कुपोषण कमी करायला राजमाता जिजाऊ मिशन उभं केलं. त्यानंतर 2012 च्या पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण 39 टक्क्यांवरून 23 च्या आसपास आलेलं दिसलं. म्हणजे जमतं. तेव्हा ते घरोघरी फिरणाऱ्या सेविकांच्या पायांनी जमलं होतं. उद्या तुझ्या यादीतल्या सर्वात लहान मुलाच्या घरी जेवणाच्या वेळेलाच जा, आणि वाटी बघितल्याशिवाय उठू नकोस.