खुर्चीत बसून विमान लागतं तेव्हा

घाटात एसटी लागणं आपल्याला नवीन नाही. पण घरात पंख्याखाली बसल्या बसल्या विमान लागलं, अशी तक्रार घेऊन आता आपल्या खारबाव गावातली माणसंही माझ्या दवाखान्यात येऊ लागली आहेत. भिवंडीच्या गोदामांतून देशभर जाणाऱ्या खोक्यांपैकी काही आपल्याच गावात उघडली जातात. त्यातून निघालेला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा आभासी जगाचा पडदा, संगणकाला जोडायचा, हातात जॉयस्टिक घ्यायची आणि जुहूच्या धावपट्टीवरून विमान उडवायचं. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरला डिसेंबर २०२० मध्ये व्हीआरची सोय मिळाली, एक्स-प्लेन या तशाच खेळाला तर त्याच्याही आधी.

छंद वाईट नाही. नकाशा, वारा, उंची, वेग यांचं गणित मुलं खेळता खेळता शिकतात. अडचण पुढे सुरू होते. अर्ध्या तासात मुलगा पांढराफटक पडतो आणि मोरीकडे धावतो. आजी म्हणते, दृष्ट लागली. वडील म्हणतात, आता याचे डोळे जाणार. मुलगा म्हणतो, काही नाही, दाबून बसलं की सवय होते. तिघांमध्ये सर्वांत जास्त चुकतो तो मुलगा, म्हणून आज मुख्यतः त्याच्याशीच बोलायचं आहे.

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळलं की सांगतात, आणि शेजारची दोन इंद्रियं शरीर पुढे सरकलं, वर उचललं गेलं किंवा कललं की सांगतात. एसटीत मोबाइल वाचताना कान म्हणतो, ‘आपण हलतोय’, आणि डोळा म्हणतो, ‘अक्षरं तर स्थिर आहेत’. हेडसेटमध्ये याच्या बरोबर उलट होतं. डोळ्याला दिसतं की विमान तिरपं झालं, जमीन फिरली. कान ठामपणे सांगतो की आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलोय. दोघांचा मेळ बसला नाही की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. याचा अर्थ कान बिघडला असा नाही. उलट ज्याच्या कानातली ही यंत्रणा पूर्ण निकामी असते, त्याला गाडी लागतच नाही.

हा त्रास हेडसेटमुळे जन्माला आला असंही नाही. १९५७ मध्ये हॅव्हरॉन आणि बटलर या दोघांनी अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर त्याची पहिली नोंद केली. नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या प्रशिक्षकांनाच तिथे जास्त मळमळत होतं. हजारो तास खरं उड्डाण केलेल्या शरीराला वळणाबरोबर दाब, झोल, थरथर यांची अपेक्षा असते आणि सिम्युलेटर ती पुरी करत नाही. त्यामुळे हेडसेट घालून गरगरलेल्या माणसाने मनाला लावून घेण्यासारखं यात काही नाही.

आता ‘दाबून बसण्या’बद्दल. सवय होते हे खरं, पण ती थोडा थोडा वेळ खेळून आणि मध्ये विश्रांती देऊन होते. मळमळत असताना रेटत राहिलं तर मेंदू भलताच धडा शिकतो. मग हेडसेटच्या फोमचा वास आला तरी मळमळायला लागतं. म्हणून पहिली खूण ओळखा. ओकारी ही शेवटची खूण असते. त्याआधी जांभया येतात, कपाळावर गार घाम फुटतो, लाळ वाढते, ढेकर येतात, उगाच गरम व्हायला लागतं. यातलं काहीही जाणवलं की खेळ नुसता ‘पॉज’ करू नका. डोळे मिटा, हेडसेट काढा, खिडकीतून लांबच्या झाडाकडे पाहा आणि त्या दिवसापुरतं उड्डाण संपलं असं समजा. सुरुवातीचे काही दिवस दहा मिनिटं पुरे. त्रास न होता दहा मिनिटं गेली तरच पुढच्या वेळी पंधरा. पूर्ण सवय झाल्यावरही अर्ध्या तासानंतर दहा-पंधरा मिनिटांची सुट्टी हवीच.

काय उडवता आणि कसं उडवता, यावरही बरंच अवलंबून असतं. सिम्युलेटर मिळाला की प्रत्येक जण सर्वांत आधी आपलं घर शोधतो. वसई-दिवा रेल्वेचा रूळ पकडायचा, स्टेशन दिसलं की विमान खाली आणायचं, पंखावरून वाकून खाली पाहत गावाभोवती घिरट्या घालायच्या. हौस मी समजू शकतो, पण मळमळ हमखास आणायची असेल तर याहून चांगली कृती नाही. जमीन जितकी जवळ, तितकी ती डोळ्यांसमोरून वेगाने सरकते. त्यात विमान तिरपं आणि डोकं आडवं वळलेलं. शिवाय मुंबई-ठाण्याच्या दाट इमारतींवर साधा संगणक दमतो, चित्र अडखळतं, डोकं वळवल्यावर दृश्य क्षणभर मागे राहतं. हा उशीर फार त्रासदायक असतो. तेव्हा चित्राचा दर्जा कमी करा, पण ते अडखळू देऊ नका.

नवख्याने उंचावर, स्वच्छ हवेत, सरळ उडावं. वळणं सावकाश घ्यावीत आणि वळताना नजर समोर ठेवावी. कॉकपिटमध्येच बसावं, कारण भोवतीची ती स्थिर चौकट डोळ्याला आधार देते. विमानाबाहेरून दिसणारं दृश्य, हेलिकॉप्टर आणि कसरती नंतरसाठी ठेवाव्यात. विमान स्वतः चालवावं, दुसऱ्याने चालवलेलं हेडसेटमधून नुसतं पाहू नये. खुर्ची चाकांची नको. समोरून टेबलफॅनचा वारा घ्यावा, बऱ्याच जणांना त्याने आराम पडतो. उपाशीपोटी नको आणि मटणाच्या जेवणावर तर मुळीच नको. गोदामातली रात्रपाळी करून आलेल्यांनी आधी झोप काढावी, अपुऱ्या झोपेने हा त्रास वाढतो. आणि आपल्याकडे वीज जाते, तेव्हा संगणकाला यूपीएस असू द्या. वळणाच्या मध्यावर आख्खं जग गोठलं की पोटाला ते आवडत नाही.

यानंतरचा मुद्दा मात्र गमतीचा नाही. हेडसेट काढल्यावर काहींचा तोल आणि हात-डोळ्यांचा मेळ काही वेळ बिघडलेला राहतो, कधी तासाभरापेक्षाही जास्त. चालताना जमीन मऊ वाटते, वस्तू उचलताना अंतराचा अंदाज चुकतो. अशा अवस्थेत बाइकला किक मारून चिंचोटी-मानकोली रस्त्यावर कंटेनर आणि खड्डे यांच्यामधून वाट काढणं धोक्याचं आहे. सिम्युलेटरवर सराव केल्यानंतर वैमानिकांनाही काही तास खरं विमान उडवू न देण्याची पद्धत अनेक हवाई दलांत आहे. आपण निदान तासभर थांबू शकतो. अजून गरगरत असेल तर गाडीची किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

डोळ्यांबद्दल वडिलांना वाटणारी भीती बरीचशी निराधार आहे. पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असला, तरी भिंगांमुळे डोळ्याला तो साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखा दिसतो. म्हणूनच लांबचा नंबर असलेल्यांना आत चष्मा लागतो. ‘जवळचं तर दिसतं’ म्हणून चष्मा काढून ठेवला की चित्र धूसर होतं आणि डोकं दुखतं. चाळिशीच्या चष्म्याचं उलट आहे. ज्यांना फक्त वाचायला चष्मा लागतो, त्यांना आत बहुधा त्याची गरज पडत नाही. दोन बुबुळांमधलं अंतर मोठ्या माणसात सरासरी ६३ मिलिमीटर असतं. चष्म्याच्या दुकानातून आपलं अंतर मोजून घ्या आणि हेडसेटची भिंगं त्यानुसार सरकवा. हे अंतर न जुळणं डोळ्यांवर ताण येण्याचं बरंच दुर्लक्षित कारण आहे. लहान मुलांच्या वाढत्या डोळ्यांवर याचा लांब पल्ल्याचा परिणाम काय होतो, याचा पुरावा अपुरा आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना मी हेडसेट देऊ नका असंच सांगतो. त्यापुढच्या मुलांनीही मोठ्यांच्या देखरेखीखाली थोडाच वेळ वापरावा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, ते आठवत असेल. सुट्टीत पाच भावंडं एकच हेडसेट आळीपाळीने घालतात, तेव्हा घामाने ओला झालेला फोम एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जातो. कुणाचे डोळे लाल असतील तर हेडसेट कपाटात. एरवी पुसता येईल असं सिलिकॉनचं आवरण घ्या. भिंगांना सॅनिटायझर लावू नका, कोरड्या मऊ कापडाने पुसा. हेडसेट उन्हात वाळत घालू नका, भिंगांतून एकवटलेलं ऊन आतला पडदा जाळतं.

मळमळीवर औषधाच्या दुकानातून अव्होमीन किंवा स्टेमेटिल आणून खेळायला बसणारेही आहेत. अव्होमीनने झोप येते. स्टेमेटिलने काही तरुणांची मान अचानक वाकडी होते, जबडा अडकतो, डोळे वर फिरतात. घरचे घाबरतात आणि कधी कधी आधी भगताकडे नेतात. तो औषधाचा दुष्परिणाम असतो आणि दवाखान्यात एका इंजेक्शनने बहुधा उतरतो. पण खेळासाठी गोळी घ्यायचीच कशाला? आल्याचा तुकडा चघळायचा असेल तर चघळा. सगळ्यांना गुण येत नाही, पण अपायही नाही.

फिट येण्याचा आजार असेल तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय हेडसेट घालू नका. लखलखत्या चित्रांनी काहींना फिट येते. १९९७ मध्ये जपानात पोकेमॉनचा एक भाग पाहून शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, अर्धशिशी, चक्करेचा जुना आजार, गरोदरपण किंवा डोक्याला नुकताच लागलेला मार असला तरी आधी विचारा. मानेचा स्पॉन्डिलोसिस असलेल्यांनी लक्षात ठेवावं की साध्या चष्म्याची ही गोष्ट नाही, अर्ध्या किलोचं वजन पुढे लटकतं.

आता पायलट व्हायचं आहे त्यांच्यासाठी. सिम्युलेटरमध्ये मळमळलं म्हणून ते स्वप्न गुंडाळू नका. खऱ्या विमानात कानालाही हालचाल कळते. तिथे सुरुवातीला त्रास झाला, तरी अनेकांचा सरावाने कमी होतो. बंगळुरूच्या हवाई दलाच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेत यावर पद्धतशीर काम चालतं. उलट, घरी तासन्‌तास बिनत्रास उडवलं म्हणून शरीर वैमानिकाचं आहे असंही ठरत नाही. रंगांधळेपणा, कान, हृदय, रक्तदाब हे हेडसेट तपासत नाही. प्रशिक्षणाचे लाखो रुपये भरण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) क्लास टू वैद्यकीय तपासणी करून घ्या. व्यावसायिक परवान्यासाठी पुढे क्लास वन लागतेच.

चक्कर दुसऱ्या दिवशीही राहिली, एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, एकाचे दोन दिसू लागले, न थांबणाऱ्या डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या किंवा कुणी बेशुद्ध पडलं, तर दोष हेडसेटवर ढकलून घरी थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. येताना किती वेळ खेळला, आधी काय खाल्लं आणि कुठली गोळी घेतली, एवढं लिहून आणा. हेडसेट घरीच राहू द्या.