जुन्या मोटारीच्या दरवाजाचे कुलूप : आधी झीज ओळखा, मग कानस उचला

निफाड, लासलगाव, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात आजही एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. पद्मिनी ही मूळची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती २००० च्या सुमारापर्यंत बनत होती. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेली. गाड्या गेल्या, पण शौकीन राहिले, आणि त्यांना कारागीर मिळेनासा झाला आहे. आम्ही पेशाने कापडवाले. परंतु मालेगावचे तागे याच गाड्यांतून वाहिले आणि गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या शेजारी बसून त्यांचे काम वर्षानुवर्षे पाहिले. त्यातून समजलेले इथे मांडत आहोत.

कुलूप कुठे बिघडते ?

गिऱ्हाईक म्हणतो, "कुलूप गेले." कारागिराने हे लगेच मान्य करू नये. मागावर सूत तुटले तर दोष धोट्याचा की ताण्याचा, हे आधी पाहतात. तसेच इथे चार जागा तपासाव्यात : किल्ली, किल्ली फिरते तो बॅरल, दरवाजातील पकड, आणि बिजागरी.

सुरुवात बिजागरीपासून करावी. दरवाजा हातभर उघडून त्याची मोकळी कड दोन्ही हातांनी वर उचलून पाहावी. दरवाजा वरखाली हलला तर बिजागरीची पिन झिजली आहे. दरवाजा खाली बसला की पकड खांबावरच्या खिट्टीला नीट भिडत नाही, मालक जोराने आपटतो, आणि आपटून आपटून चांगले कुलूपही खराब होते. अशा वेळी नुसते कुलूप बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे. आधी नवी पिन घालावी. पिनेचे भोक मोठे झाले असेल तर ते सारखे करून जाड पिन किंवा बुश बसवावा. दरवाजा सरळ झाल्यावरच खिट्टीचे स्क्रू ढिले करून तिची जागा ठरवावी.

किल्ली आणि बॅरल

बॅरलमध्ये पितळेच्या पातळ पत्त्या असतात व प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग असते. बरोबर किल्ली गेली की सर्व पत्त्या बॅरलच्या पृष्ठभागाशी समतल होतात आणि बॅरल फिरतो. एक पत्ती जरी वर राहिली तरी तो अडतो. वर्षानुवर्षांच्या वापराने किल्लीचे दातही झिजतात आणि पत्त्याही.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे झिजलेल्या किल्लीवरून दुसरी किल्ली कापणे. त्यामुळे झीजच नव्या किल्लीत उतरते. योग्य रीत अशी : बॅरल बाहेर काढावा, रॉकेलने धुऊन वाळवावा, कोरी किल्ली घालावी व ज्या जागी पत्ती वर येते तिथे थोडे थोडे कानसून प्रत्येक पत्ती समतल करावी. स्प्रिंग मोडली असेल तर बदलावी. पत्ती फार झिजली असेल तर त्याच जातीच्या जुन्या बॅरलमधील पत्ती घ्यावी. काही जण वर आलेली पत्तीच कानसून टाकतात. काम झटपट होते, पण तसे दोन-तीन वेळा केले की कोणत्याही किल्लीने कुलूप उघडते. मग ते कुलूप कशाचे ?

बॅरलमध्ये ग्रीस किंवा जाड तेल भरू नये. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे पारे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येतात. अशा थंडीत ग्रीस घट्ट होते, त्यावर धूळ बसते, आणि पत्त्या चिकटतात. बॅरलसाठी ग्राफाइटची कोरडी पूड चांगली. ग्रीस पाहिजे ते दरवाजातील पकडीला व बिजागरीला, तेही बेताने.

दरवाजातील पकड

आतील अस्तर काढण्यापूर्वी काच पूर्ण वर करावी. अस्तरामागचा पाणी अडवणारा कागद किंवा प्लास्टिक फाडू नये, फाटले तर नवे लावावे. दरवाजाच्या तळाशी पाणी निघण्याची भोके असतात, ती तार घालून मोकळी करावीत. आत साठलेले पाणीच पकडीला गंज आणते.

पकडीचा जो दात खिट्टीला धरून ठेवतो त्याची धार गोल झाली असेल तर वळणावर दरवाजा आपोआप उघडू शकतो. शेजारी मूल बसलेले असेल तर त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको. म्हणून या दातावर पितळेची भर घालू नये. पितळ मऊ असते आणि लवकर झिजते. पोलादाची भर देऊन मूळ आकारात कानसावे. तापवल्याने दाताचे पाणी उतरते, म्हणून जाणत्या लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्यावे. दाताला चीर दिसली तर दुरुस्ती नको, भागच बदलावा. शेवटी दरवाजा लावून आतून-बाहेरून ढकलून पाहावा आणि खडबडीत रस्त्यावर फेरी मारूनच गाडी ताब्यात द्यावी.

धंद्याचे चार शब्द

केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील खासगी वाहनांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. असे मालक मूळचे भाग जपतात. त्यांना नवे स्वस्त कुलूप नको असते, तेच जुने कुलूप चालू हवे असते. त्यामुळे कामाच्या वेळेचा योग्य मोबदला मागायला संकोच करू नये.

भंगारातून जुनी कुलुपे घेताना पावती घ्यावी. चोरीचा माल स्वस्त वाटला तरी शेवटी महागच पडतो. दुसऱ्याची किल्ली बनवणे ही अमानत आहे. आरसी बुक व ओळख पाहिल्याशिवाय किल्ली कापू नये आणि प्रत्येक किल्लीची वहीत नोंद ठेवावी. बदललेले जुने भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावेत. आमच्या कापडाच्या धंद्यात जो गज पूर्ण मोजतो त्याच्याकडेच गिऱ्हाईक परत येते. ज्यांच्या घरात हे हुनर आहे त्यांनी ते मुलांना शिकवावे. या गाड्या कमी राहिल्या आहेत, पण त्या दुरुस्त करणारे हात त्याहून कमी राहिले आहेत.