गाय ऐंशी हजारांची, खर्च लाखाच्या वर

दुभतं जनावर घ्यायचं ठरलं की सोसायटीचं कर्ज, उसाचं बिल, घरातलं थोडं सोनं असं करत पैसे गोळा होतात. खिशात ऐंशी हजार जमले की माणूस बाजारात ऐंशी हजारांची गाय शोधायला लागतो. नव्या गोठ्यांची घडी इथेच बिघडते. बाजारात सुटलेला भाव म्हणजे फक्त गाईचे पैसे. ती दावणीला येऊन, विमा उतरून, दुधाचं पहिलं बिल हातात पडेपर्यंत वरचा खर्च चालूच राहतो. ज्याच्याकडे ऐंशी हजार आहेत त्याने साठ हजारांच्या आतलं जनावर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे खाली हिशेबासकट दिलं आहे.

पण आधी बाजाराविषयी. चाकणचा बाजार शनिवारी भरतो, सांगोल्याचा रविवारी, बेल्ह्याचा सोमवारी, लोणीचा बुधवारी. संकरित गाईंसाठी लोणी, खिलारसाठी सांगोला, असा प्रत्येक बाजाराचा स्वतःचा माल आहे. पहिल्या खेपेला पैसे घरी ठेवून जावं. दावणीवर सांगितलेला भाव ऐकू नये. जनावर घेऊन बाहेर पडणाऱ्याला गेटवर विचारावं, "कितीला सुटली, किती वेताची, दूध किती?" दहा-पंधरा जणांना विचारलं की त्या आठवड्याचा खरा भाव कळतो. सांगितलेला भाव आणि सुटलेला भाव यांत बरंच अंतर असतं. बातम्यांत येणारे लाखोंचे बैल आणि कोटींची मागणी असलेले मेंढे हा तर वेगळाच मामला आहे. तो हौसेचा आणि पैदाशीचा भाव असतो. तुमच्या गोठ्याशी त्याचा संबंध नाही.

आणखी एक खूणगाठ ठेवता येते. पशुसंवर्धन विभागाच्या दुधाळ गट वाटप योजनेत संकरित गाईची किंमत 70,000 रुपये आणि म्हशीची 80,000 रुपये धरली आहे. हा बाजारभाव नव्हे. पण दोन गाईंचा गट त्या योजनेत 1,56,850 रुपयांचा आहे, आणि दोन गुणिले सत्तर हजार म्हणजे 1,40,000. वरचे 16,850 रुपये तीन वर्षांच्या विम्याचे आहेत. म्हणजे विम्यासाठी किमतीच्या सुमारे 12 टक्के सरकारनेच धरले आहेत. स्वतःच्या पैशाने घेणारा मात्र हा आकडा हिशेबात घेतच नाही.

भाव कशाचा होतो

दुभत्या जनावराचा भाव धारेवर होतो, म्हणजे दिवसाला किती लिटर यावर. त्याखालोखाल वेत, वय, गाभण आहे का आणि कितवा महिना, सड चारही चालू आहेत का, खोड काही आहे का, हे सगळं येतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने दुसऱ्या वेताची, व्याल्याला पंधरा दिवस ते महिना झालेली आणि खाली वासरू असलेली गाय घ्यावी. पहिलारू कालवड दूध किती देईल हे कुणालाच माहीत नसतं. सात-आठ महिन्यांची गाभण गाय थोडी स्वस्त मिळते, पण ती सुखरूप व्यायचा धोका तुमच्या अंगावर येतो.

वय दातांवर ठरतं. गाईला समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. संकरित गाय साधारण दोन-अडीच वर्षांची झाली की दोन दाती होते आणि पाच वर्षांच्या आसपास सगळे दात जुळतात. म्हैस या बाबतीत मागे असते. शिंगांवरची वलयं वेतागणिक वाढतात खरी, पण शिंगं तासून तेल लावून आणलेली असतात, म्हणून शिंगांवर भरवसा ठेवू नये. ओठ उचलून दातच बघावेत. दात झिजून त्यांत फटी पडलेल्या दिसल्या तर "तिसऱ्या वेताची" हे वाक्य खोटं आहे, हे समजून पुढे चालावं.

आता धार. बाजारात येणाऱ्या कित्येक गाईंची सकाळची धार काढलेलीच नसते, काहींची आदल्या संध्याकाळचीही नसते. कास तट्ट फुगते, कातडी चकाकते, सडांतून दूध ठिबकतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की दूध मावत नाही. ही तुंबवलेली कास असते. जनावराला यात यातना होतात आणि त्यातूनच पुढे कासेचा दाह सुरू होतो. यावर एकच उपाय आहे. विकणाऱ्याच्या गोठ्यावर किंवा बाजाराच्या आदल्या दिवशी मुक्कामाला जायचं. संध्याकाळची धार पूर्ण काढायला लावायची आणि ते दूध मोजायचंच नाही. दुसऱ्या दिवशीच्या सकाळ-संध्याकाळच्या दोन धारा आपल्या मापाने मोजायच्या. त्यांची बेरीज म्हणजे गाईचं दूध.

धार काढताना जवळ बसावं. प्रत्येक सडाची पहिली चिळकांडी काळ्या वाटीत घ्यावी. दुधात गुठळ्या, पाणी किंवा रक्ताची झाक दिसली तर दगडीची शंका घ्यावी. पूर्ण पिळल्यावर चांगली कास मऊ पडते आणि तिला सुरकुत्या येतात. पिळूनही हाताला घट्ट गोळा लागला तर तो भाग कामातून गेला आहे. पान्हा सोडायला विकणाऱ्याने इंजेक्शन टोचलं, किंवा टोचल्याशिवाय गाय दूध देत नाही असं दिसलं, तर तिथून उठावं. शेवटी एक धार आपण स्वतः काढून बघावी. ती हाताखाली उभी राहते का, लाथ झाडते का, परक्या माणसाला पान्हा चोरते का, हे तेव्हाच कळतं. एवढं करू न देणारा विकणारा काही तरी लपवतो आहे.

सौदा बऱ्याच ठिकाणी अजून उपरण्याखाली होतो. दलाल एकाच्या हाताची बोटं दाबतो, मग दुसऱ्याच्या. दाबलेलं बोट हजार सांगतं की दहा हजार, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं असतं. मुरलेल्या माणसाला ते जमतं, नवख्याचं नुकसान होतं, कारण घेणाऱ्याला एक आणि विकणाऱ्याला दुसरा आकडा सांगून मधला फरक खाता येतो. दलाली आधीच रुपयांत ठरवावी. सौदा तुटला की विकणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघून आकडा मोठ्याने म्हणावा, इसार द्यावा आणि तोच आकडा बाजार समितीच्या पावतीवर लिहून घ्यावा. फी वाचवायला पावतीवर कमी रक्कम टाकायची गळ घालतात. तिला बळी पडू नये. उद्या विम्याचा दावा किंवा काही वाद झाला तर हातात तो कमी आकडाच राहतो. धारेची आणि खोडीची बोली दोन साक्षीदारांसमोर, जमल्यास कागदावर करून घ्यावी.

ऐंशी हजारांच्या गाईचा हिशेब

समजा दिवसाला 12 लिटरची संकरित गाय 80,000 रुपयांना सुटली. बाजार फी शेकडा एक रुपया आणि देखरेख खर्च शेकडा पाच पैसे धरले तर 840 रुपये. दलाली 1,000 ठरली. साठ-सत्तर किलोमीटरवरून पिकअपने आणायचे 3,000. डॉक्टरांची तपासणी आणि रक्ताची चाचणी मिळून 1,000. तीन वर्षांचा विमा वरच्याच प्रमाणात धरला तर सुमारे 9,600. गाय गोठ्यात येईपर्यंत 95,440 झाले.

आता खाणं. अंगाच्या पोषणाला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, या हिशेबाने तिला रोज 6.3 किलो पशुखाद्य लागतं. किलोला 32 रुपये धरले तर 202 रुपये. हिरवा चारा 25 किलो, तीन रुपयांनी 75. कडबा-कुट्टी सहा किलो, आठ रुपयांनी 48. दिवसाचे 325, महिन्याचे पावणेदहा हजार. प्रवासाने आणि जागा बदलल्याने पहिले आठ-दहा दिवस दूध घटतं, आणि डेअरीचं पहिलं बिलही तेवढ्याच दिवसांनी निघतं. म्हणून महिन्याचं खाणं हातात ठेवूनच बाजार गाठावा. बेरीज 1,05,000 च्या पुढे जाते. साठ हजारांच्या गाईची बेरीज याच रीतीने ऐंशी हजारांच्या आसपास येते.

तुमच्याकडचे दर वेगळे असतील. ते घालून हाच हिशेब वहीत करावा, कारण पुढचा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे. दुधाला लिटरला 30 रुपये मिळाले तर 12 लिटरचे 360 होतात. चारा विकत घेतला तर दिवसाला उरले 35 रुपये. चारा घरचा असेल तर उरतात 158. दर 26 वर आला की 312 रुपये हातात येतात आणि विकतच्या चाऱ्यावरची गाय रोज 13 रुपये तोट्यात उभी राहते. त्यात 12 लिटर हे व्याल्यानंतरच्या भराचं दूध आहे, वेत सरेल तसं ते उतरतंच. अर्धा-एक एकर मका किंवा गवत स्वतःचं नसेल तर मी गाय घेऊ नका असंच सांगेन.

म्हणूनच गाईचा भाव दुधाच्या दरामागे चालतो. जुलै 2023 मध्ये सरकारने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला किमान 34 रुपये ठरवून दिले. वर्ष संपता संपता डेअऱ्यांचे दर त्याच्या बरेच खाली आले आणि जानेवारी 2024 पासून काही काळ लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. दर पडतात तेव्हा पहिला फटका विकतच्या चाऱ्यावर चालणाऱ्या गोठ्याला बसतो, आणि त्याच्या गाई बाजारात येतात. ज्याच्याकडे चारा आहे त्याची खरेदीची वेळ हीच. दर चढलेले असताना, सगळा गाव गाय घ्यायला निघालेला असताना घेतलेली गाय महाग पडते.

दुसरा काटा चाऱ्याचा. चैत्र-वैशाखात कडब्याचा शेकडा चढला की दुभत्याचे भाव सैल होतात, पाऊस लागून हिरवं झालं की घट्ट. म्हशी बहुतेक पावसाळ्याअखेरीपासून थंडीपर्यंत वितात, त्यामुळे ताज्या म्हशींत निवड करायला तेव्हा जास्त वाव असतो.

बैल आणि शेळ्या

बैलजोडीला मागणी येते मृगाच्या आधी. पेरणीच्या तोंडावर जोडी घेणारा जास्त पैसे मोजतो, म्हणून चारा पुरत असेल तर जोडी सुगीनंतरच बघावी. मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि जुना विकून नव्याला हातभार लावायचा मार्ग बंद झाला. जोडी घेताना म्हातारपणाचा चारा किमतीत धरावा लागतो. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी केली, मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली आणि पळाऊ खिलार खोंडांना वेगळाच भाव आला. औताच्या बैलाला तो भाव देऊ नये.

शेळ्यांत तिथी बघून चालावं लागतं. आखाडात बोकड तेजीत, श्रावण लागला की मंदी. नवरात्रात आणि मार्गशीर्षातही गिऱ्हाईक कमी. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून गेल्या वर्षीचा महिना धरून करडं वाढवू नयेत. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं लागतं, तो धडधाकट लागतो. मोडलं शिंग किंवा फाटका कान भाव पाडतो. पैदाशीच्या उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीला शासनाच्या गट योजनेत 8,000 आणि बोकडाला 10,000 रुपये धरले आहेत, तुलनेला तो आकडा ठेवावा.

बाजारात शेळी नजरेने विकली जाते आणि व्यापाऱ्याची नजर तुमच्यापेक्षा तयार असते. खिशात शिंप्याची टेप ठेवावी. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्यावा, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर जवळपास 31 किलो. मग किलोचा भाव लावून बोलावं.

बाजारातून निघताना

जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला हवा. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला मनाई आहे. बिल्ल्याचा नंबर पावतीवर लिहून घ्यावा, आणि दवाखान्यात जाऊन त्या नंबरावरची जुन्या मालकाची नोंद आपल्या नावावर करून घ्यावी. वाहतुकीला पशुवैद्यकाचा दाखला सोबत ठेवावा. ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरं भरता येत नाहीत. भाडं वाटून घेण्यासाठी दाटीवाटीत आपली गाय घालू नये. पाय मोडला तर वाचलेल्या भाड्याच्या कित्येक पट जातात.

घरी आल्यावर तिला पंधरा दिवस ते तीन आठवडे वेगळं बांधावं, पाण्याची बादली वेगळी, धार शेवटी काढावी. 2022 मध्ये लम्पी पसरला तेव्हा राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, हे विसरता कामा नये. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस टोचली आहे का ते विचारून घ्यावं, खात्री नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. ताप आला, खाणं सोडलं, अंगावर गाठी दिसल्या तर 1962 हा टोल फ्री नंबर लावावा.

विमा त्याच आठवड्यात उतरवावा. बहुतेक पॉलिसींत सुरुवातीच्या काही दिवसांतलं आजारपण धरलं जात नाही, म्हणून जितका उशीर तितके उघड्यावरचे दिवस वाढतात. पॉलिसीवरचा नंबर आणि कानातला नंबर अंक-अंक ताडून बघावा. गोठ्यात बिल्ला गळून पडला तर त्याच दिवशी दवाखान्यातून नवा मारून घ्यावा आणि कंपनीला नवा नंबर लेखी कळवून पोच घ्यावी, कारण बिल्ल्याशिवाय दाव्याचा कागद पुढे सरकत नाही.