विमान कंपनी विकली गेली, तिकीट मात्र काढलेलं आहे

बातमी वाचल्यावर पहिलं काम एकच: घाईघाईने तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलंत तर रद्दशुल्क तुमच्याच खिशातून जाणार. कंपनीने उड्डाण रद्द केलं, तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा मागण्याचा हक्क तुमचा. तेव्हा थांबण्यातच फायदा आहे.

आता विक्री कोणत्या प्रकारची आहे ते बघा. फक्त मालक बदलला असेल तर कंपनी तीच राहते, म्हणजे तिच्यावरची जबाबदारीही तीच. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, तेव्हा लोकांची तिकिटं चालू राहिली. गोंधळ झाला तो तिच्या धाकट्या बहिणीपाशी. तेव्हा मुंबईहून कोकणातल्या चिपीला जाणारी अलायन्स एअर या सौद्यात नव्हती. ती सरकारकडेच राहिली. १५ एप्रिल २०२२ पासून एअर इंडियाने तिच्या बुकिंगचं काम सोडलं. तिकिटावर नाव एकाचं आणि विमान दुसऱ्याचं, अशांना उड्डाणाचा क्रमांक बघूनच कुणाला फोन करायचा ते ठरवावं लागलं. म्हणून तिकिटावर बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’च्या पुढे काय छापलंय ते आजच वाचून ठेवा.

विलीनीकरण असेल तर क्रमांकच बदलतो. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात मिसळली आणि ‘यूके ९५५’ हे उड्डाण ‘एआय २९५५’ झालं. अशा वेळी नवं तिकीट ईमेलवर येतं. ते उघडून नावाचं स्पेलिंग, वेळ, टर्मिनल, सामानाची मर्यादा, आगाऊ घेतलेली सीट आणि जेवण एकेक करून ताडून पाहा. गोव्याला जाणाऱ्यांनी दाबोळी की मोपा हेही बघावं. चुकीच्या विमानतळावर उतरून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्यात गंमत नाही.

हे ईमेल तुमच्याकडेच येतील याची खात्री मात्र करून घ्या. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर बुकिंगमध्ये बहुधा त्याचाच मोबाइल नंबर असतो. पीएनआर घेऊन स्वतःचा नंबर आणि ईमेल घालून घ्या. पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर उड्डाण रद्द झाल्याची भरपाई कंपनीला द्यावी लागत नाही, असं डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियमच सांगतो.

छोट्या गावांच्या मार्गावर खरी अडचण पुढे येते. मुंबई-दिल्लीला दुसरं विमान तासाभरात मिळतं. जिथे दिवसाला एकच छोटं एटीआर विमान येतं, तिथे नव्या मालकाने तो मार्गच बंद केला तर पर्याय उरतो शेजारच्या विमानतळाचा. तो तुमच्यावर लादता येत नाही. नको असेल तर स्पष्ट शब्दांत, लेखी परतावा मागा. ‘क्रेडिट शेल’ (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) घ्यायचं की पैसे, हे तुम्ही ठरवायचं. विकल्या जाणाऱ्या कंपनीचं क्रेडिट मी तरी घेणार नाही. क्रेडिट कार्डाचे पैसे रद्द झाल्यापासून सात दिवसांत परत यायला हवेत. तिकीट एजंटाचं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच. दोघं एकमेकांकडे बोट दाखवू लागले की सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार टाका, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

पुढच्या गाडीचं किंवा विमानाचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर उड्डाण बदलल्याने पुढचा प्रवास चुकल्याचा खर्च आधीची कंपनी सहसा देत नाही. मध्ये भरपूर वेळ ठेवा.

आणि कंपनीला गिऱ्हाईकच मिळालं नाही, ती बुडाली तर? गो फर्स्ट या कंपनीची विमानं ३ मे २०२३ पासून थांबली. आठवडाभरात एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) तिचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला आणि वसुलीच्या दाव्यांना स्थगिती लागली. अशा वेळी कंपनीच्या फोनवर ताटकळू नका. कार्डाने पैसे भरले असतील तर त्याच दिवशी बँकेकडे ‘चार्जबॅक’ (कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत) मागा; त्याला मुदत असते. शिवाय दिवाळखोरीचं प्रकरण सांभाळायला नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे दावा नोंदवा. त्याची जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात येते, मुदतही त्यातच असते. तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि ठरलेला अर्ज जोडा. वकील लागत नाही. पैसे मिळण्याच्या रांगेत प्रवासी बँकांच्या बरेच मागे असतात, म्हणून चार्जबॅकचा अर्ज आधी करा.